घरात कोण कोण

४ मार्च, सोमवार

बाळे,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस, टाके ओढले जातील. टाके कमरेला आहेत हे मला ठाऊक आहे, पण माणूस चिडलं की अख्खं अंग आखडतं, आणि तुझं तर लहानपणापासून.

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि फोन जावईबापूंच्या हातात देतेस. ते बिचारे म्हणतात, "सगळं ठीक आहे, आई." तुझं ऑपरेशन झाल्यापासून मी एवढ्या वेळा सगळं ठीक असल्याचं ऐकलंय की आता मलाच कसंतरी व्हायला लागलंय. म्हणून म्हटलं, लिहावं. मला दुसरीतून उठवलं ते उठवलंच, जोडाक्षर आलं की अजून घाम फुटतो. पण पत्राचं एक बरं असतं, मधेच कोणी "हं" म्हणत नाही.

तर ऐक. तुझी लेक आली आणि माझं घर जागं झालं. मी तिला भिंगरी म्हणते. तुम्ही हौसेने ठेवलेलं नाव राहू दे शाळेत, इथे ती भिंगरीच. उठल्यापासून फिरते. मशीनखालचे दोरे गोळा करते, कात्री कुठे ठेवली ते मला सांगते, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणते आणि बसायला काही नसतं तेव्हा स्वतःच उठून जागा देते. दहा वर्षांची पोर, पण बोलणं असं की समोरच्या इस्त्रीवालीची बोलती बंद. इस्त्रीवालीची! जिने हॉटेलच्या मॅनेजरला त्याच्याच चादरीत गुंडाळीन म्हणून दम दिला होता, तिची.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? डोक्याचं माप घेतलं. दुसरं मला येतंय काय! पावणेएकवीस इंच. मागच्या बाजूला किंचित चपटं, अगदी तुझं. टेप सोडवेना हातातून. ती म्हणाली, "आजी, आकडा विसरलीस का? तिसऱ्यांदा मोजतेयस." म्हटलं, हो गं, म्हातारी झाले. आकडा पहिल्याच वेळी कळला होता.

दुकान तुझ्या आठवणीतलं राहिलेलं नाही. बँडवाले गेले, पोस्टमन उघड्या डोक्याने फिरायला लागले. आता बेकरीच्या पांढऱ्या टोप्या शिवते, आणि औषधाने केस गेलेल्या बायकांसाठी मऊ सुती टोप्या. त्या बायका दुकानात यायला लाजतात, म्हणून पाकिटातून दोरा पाठवतात, डोक्याभोवती फिरवून कापलेला. तुला आठवतं ना? लहानपणी पाकिटं तूच फोडायचीस आणि दोरा टेपला लावून ओरडायचीस, "साडेबावीस! हा माणूस भोपळा आहे!"

वरच्या फळीवर लाकडी डोकी तशीच रांगेत आहेत. तू त्यांना घाबरायचीस. म्हणायचीस, "आई, ती सगळी माझ्याकडे बघतात." मी म्हणायचे, अगं त्यांना डोळे नाहीत. तू म्हणायचीस, "म्हणून तर." भिंगरी नाही घाबरत. तिने सगळ्यात लहान डोकं काढून घेतलंय, तान्ह्या बाळाच्या मापाचं. त्याला पुसते, अस्तराच्या तुकड्यात गुंडाळते, कानात काहीबाही सांगते. कान नाहीत ते सोड. मी म्हटलं, एवढी घोडी झालीस, अजून बाहुली खेळतेस? म्हणाली, "खेळत नाहीये." तोंड तुझंच.

तू दिलेला कागद आरशाला चिकटवलाय. चार ओळी. दूध फार गरम नको. झोपताना दिवा राहू दे. अभ्यास पिशवीत आहे. तिला फार प्रश्न विचारू नये.

शेवटची ओळ माझ्यासाठीच लिहिलीस ना? मी वाचून हसले. नाही विचारत, बाई. महिनाअखेरपर्यंत ती माझ्याकडे आहे, एवढ्यावर मी गप्प बसायला तयार आहे. गप्प म्हणजे माझ्या मानाने.

तुझी आई


७ मार्च, गुरुवार, सकाळी

बाळे,

भिंगरी काल फोनवर आली नाही म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. तिला जरा सर्दी आहे, घसा बसलाय. झोपवून ठेवलंय. दिवसाचे पडदे ओढलेत, उजेड नको म्हणते. तशी हसते-बोलते. इस्त्रीवालीने हॉटेलातून बर्फ आणून दिला. सर्दीला बर्फ कशाला असं म्हणशील, तर तो माझ्या गुडघ्याला.

थोडं विचारू का? पोरीला विचारू नको म्हणालीस, तुला विचारलं तर चालेल. भिंगरी झोपेत बोलते का? उठवल्यावर लगेच ओळखते, की तुझ्यासारखी पाच मिनिटं परक्या नजरेने बघत बसते? तिची वर्गातली मैत्रीण कोण? तुमच्या घराला खिडक्या किती? वाढदिवस कितीला असतो तिचा? हे सहज विचारतेय. आजीला माहीत असावं एवढ्यासाठी.

तुझ्या कमरेचं कसं आहे? वाकू नकोस, उचलू नकोस, आणि रागावू नकोस.

पत्र छोटं आहे, कारण दर थोड्या वेळाने मला उठावं लागतं. गुडघ्यासाठी.

तुझी आई


८ मार्च, शुक्रवार

बाळे,

कालचं पत्र खोटं होतं. इस्त्रीवालीने ते सकाळीच पेटीत टाकलं, नाहीतर फाडलं असतं. हे त्याच्या मागोमाग येईल. आधी शेवट सांगते म्हणजे तुझा श्वास अडकायला नको. भिंगरी बरी आहे. माझ्यासमोर बसून बिस्कीट खातेय आणि मी काय लिहितेय ते मान वाकडी करून वाचायला बघतेय. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलंय. दोनदा का, ते आता सांगते.

बुधवारी चार वाजता ती पडली. ते लहान लाकडी डोकं मी आवराआवरीत वर ठेवून दिलं होतं. ते काढायला ती स्टुलावर चढली. मी आतल्या खोलीत होते. धप्प आवाज आला, एक लाकडाचा आणि एक माणसाचा. दोन्हींतला फरक मला या वयात कळतो. मशीनच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं होतं, उजव्या कानाच्या वर. रक्त नाही, पण टेंगूळ आलं आणि पोर रडेना. रडली असती तर बरं झालं असतं. मग एकदा ओकली. मी हाक मारली ती इस्त्रीवालीला नव्हे, तुझ्या बाबांना. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि हाक मारली मी.

इस्त्रीवाली धावत आली. हॉटेलच्या चादरी पोचवायची तिची तीनचाकी दारातच होती. धुतलेल्या चादरींच्या ढिगावर पोरीला झोपवली आणि दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्याहून लहान. डोळ्यांत बत्ती मारली, बोटं मोजायला लावली, सरळ रेषेत चालवलं. म्हणाली, "किरकोळ मार आहे, आजी. घरी न्या. पण दोन दिवस एकटं सोडायचं नाही."

मी विचारलं, "झोपू द्यायचं नाही ना?" आमच्या वेळी डोक्याला लागलं की पोराला थापट्या मारून जागं ठेवायचे.

ती म्हणाली, "झोपू दे की. झोप हवीच तिला. फक्त मधेमधे उठवायचं आणि साधे प्रश्न विचारायचे. नाव काय, कुठे आहेस, घरात कोण कोण. उत्तर बदललं, असंबद्ध बोलली, उठवून उठेना, परत ओकली, डोकं जास्त दुखायला लागलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर तडक इकडे. आणि टीव्ही नाही, मोबाइल नाही, उड्या तर नाहीतच. बर्फ कापडात गुंडाळून लावा." हे सगळं कागदावर छापलेलं होतं. मी हळूहळू वाचते म्हणून इस्त्रीवालीने कोळशाने त्यावर चित्रं काढून दिली. ओकणारं माणूस तिने असं काढलंय की ते गातंय असं वाटतं.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "आणि आजी, ज्यांची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत असेच प्रश्न विचारा."

बाळे, मी दारातच थांबले. माहीत असलेले प्रश्न! मला तिचं माप माहीत आहे. आणखी काय? तिच्या शाळेचं दार कुठल्या बाजूला आहे ते मला ठाऊक नाही. तिला पहिला दात कधी आला ठाऊक नाही. इस्त्रीवाली म्हणाली, "अगं विचार की काहीही, आजी ना तू तिची?"

तुझ्या कागदावर लिहिलं होतं, फार प्रश्न विचारू नये. आणि माझ्या हातात दुसरा कागद, प्रश्न विचारत राहा म्हणणारा.

तुला कळवायला हवं होतं. पण तू पाठीवर पडलेली, कमरेत टाके. आणि खरं कारण ते नव्हतंच. मला वाटलं, तुला कळलं तर तू म्हणशील, बारा वर्षांनी एक काम सांगितलं आणि तेही जमलं नाही. उद्याच तिला घेऊन जाशील. मी पोरीला म्हटलं, आईला सांगू नको हं, आपलं गुपित. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मोठ्या माणसांना सारखं गुपित का लागतं?" मला वाटलं, आहेच आगाऊ.

बुधवारी झोपताना विचारलं, घरात कोण कोण? "आई, बाबा, मी." गुरुवारी सकाळी विचारलं. तेच. मी खूश. एवढं एक उत्तर मला माहीत होतं ना! एवढ्यावर निभावून नेऊ म्हटलं.

दुपारी जेवून ती गाढ झोपली होती. तीन वाजता उठवली. डोळे अर्धेच उघडले. विचारलं, नाव? सांगितलं. कुठे आहेस? "टोपीच्या दुकानात." घरात कोण कोण?

"आई, बाबा, मी, छोटी."

मी म्हटलं, कोण छोटी?

"छोटी. खिडकीजवळ झोपते ती."

मी तिला हलवलं, परत विचारलं. आता ती पुरती जागी झाली. माझं तोंड बघून घाबरली. म्हणाली, "कोणी नाही. चुकून बोलले. आई, बाबा, मी." आणि ओठ घट्ट मिटले.

उत्तर बदललं. असंबद्ध बोलली. कागदावरची दोन्ही चित्रं एकदम खरी झाली. त्या क्षणी तुला फोन केला असता तर एका वाक्यात उलगडलं असतं. पण तुला तर सर्दी सांगितली होती. खोट्याला पाय नसतात म्हणतात, मला तर त्याने पायच ठेवले नाहीत. इस्त्रीवालीला ओरडले, तिने हॉटेलच्या चादरी रस्त्यावर टाकल्या आणि तीनचाकी काढली. रस्ताभर मी पोरीला छातीशी धरून मनात म्हणत होते, माझ्या वाट्याचं सगळं घे, पण हिचं डोकं ठीक राहू दे.

डॉक्टरीणबाईला सांगितलं, "ही बरळतेय. घरात चौथं कोणीतरी आहे म्हणते. तसं कोणी नाही. मला पक्कं माहीत आहे, मी आजी आहे तिची."

तिने पुन्हा बत्ती, पुन्हा बोटं, पुन्हा रेघ. मग तिच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "छोटी कोण गं?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आईने आजीला सांगू नको म्हणून सांगितलंय."

"मग माझ्या कानात सांग. मी काही आजी नाही."

पोरीने कानात सांगितलं. बराच वेळ. डॉक्टरीणबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग उठून माझ्याजवळ आली. मला खुर्चीत बसवलं, स्वतः उभी राहिली. म्हणाली, "आजी, मुलगी अगदी व्यवस्थित आहे. तिचं एकही उत्तर चुकलेलं नाही."

परत येताना ती तीनचाकीच्या फळीवर बसली होती, मी खाली. तिनेच सांगितलं. तिला वाटलं असेल, आता गुपित फुटलंच आहे. "आजी, ती अकरा महिन्यांची होती. ताप आला होता. मी पाच वर्षांची होते. तुझ्या त्या लाकडाच्या डोक्याएवढी होती, आली तेव्हा."

मी तिला विचारलं, उजेड लागतोय का डोळ्यांना? म्हणाली, "नाही. तुला लागतोय का? पाणी येतंय."

बाळे, मला तो दिवस आठवला. तुझे बाबा गेले तेव्हा तू आली होतीस. दारात दहा मिनिटं उभी राहिलीस, आत नाही आलीस. मला वाटलं काहीतरी बोलावं, आपलं हलकंफुलकं, म्हणजे तू बसशील. विचारलं, मुलं किती? तू म्हणालीस, "एक." आणि मी, माझी ही जीभ, मी म्हणाले, "एकच? अगं दुसरं होऊ द्या आता, एकट्या मुलाला करमत नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग गेलीस. दोन वर्षं मी इस्त्रीवालीला सांगत आले की लेकीचा अहंकार बघ, बापाच्या मरणालाही टेकली नाही.

आता हे पत्र मी स्वतः पेटीत टाकायला जातेय. नाहीतर वाटेत विचार बदलेल.

आई


१२ मार्च, मंगळवार

बाळे,

काल फोन आला तेव्हा मीच उचलला. तू "हं" म्हणाली नाहीस. नुसता श्वास ऐकू आला, म्हणजे पत्र पोचलं होतं. मग म्हणालीस, "तिला दे." तुम्ही दोघी अर्धा तास बोललात. मी मुद्दाम मशीन चालू ठेवलं, ऐकू येऊ नये म्हणून. सुई रिकामीच चालली होती. नंतर तू मला एवढंच सांगितलंस, "रविवारी हे येतील तिला न्यायला."

महिनाअखेर म्हणाली होतीस. पंधरा दिवस आधीच. बरोबर आहे तुझं. मी भांडणार नाही.

टेंगूळ उतरलंय. तिथे आता पिवळटसर डाग आहे, केसांत लपतो. काल तिने पुस्तक मागितलं, डोकं दुखलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, अजून दोन आठवडे पळापळी नको, पण बाकी सगळं चालेल. कागद मी तिच्या पिशवीत घातलाय, कोळशाच्या चित्रांसकट. शाळेत खेळाच्या तासाला बसायला सांगा.

एक गोष्ट त्या दिवशी लिहिली नाही. लिहायची होती, पण एका पत्रात किती पाप मावणार!

ती पडली तेव्हा ते लहान डोकंही पडलं. ती डोकी खालून पोकळ असतात, तुला माहीत आहे. त्या पोकळीतून एक पाकीट बाहेर पडलं. मी आधी पोर उचलली की आधी पाकीट, ते विचारू नकोस. आधी पोरच उचलली. पण दवाखान्यातून आल्यावर पहिलं काम केलं ते पाकीट लपवायचं.

ते तुझं पाकीट होतं, सहा वर्षांपूर्वीचं. पोस्टमनने दिलं तेव्हा तुझे बाबा टोप्यांचं कापड कापत होते. अक्षर लांबूनच ओळखलं त्यांनी. म्हणाले, "फाडून टाक." मी फाडलं नाही. पण उघडलंही नाही. मधला रस्ता काढला. आयुष्यभर मी तेच केलं. तुझ्या लग्नाच्या दिवशी त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं, तू बाहेर उभी होतीस, आणि मी आतच होते. कडी काही उंच नव्हती. माझा हात पोचला असता.

पाकीट सगळ्यात लहान डोक्यात ठेवलं, कारण तान्ह्या बाळाची टोपी कोणी मागत नाही, ते डोकं कोणी हलवत नाही. तुझे बाबा गेल्यावर उघडता आलं असतं. पण उघडलं की इतकी वर्षं का नाही उघडलं, याचं उत्तर स्वतःला द्यावं लागलं असतं. दिवस जात राहिले. भिंगरीने नेमकं तेच डोकं उचललं, तेव्हा माझा जीव खालीवर झाला होता. म्हणून तर आवराआवरीच्या नावाखाली ते परत वर ठेवलं. ती पडली ती माझ्या आवराआवरीमुळे. हेही लिहून टाकलं बघ.

काल तुझा फोन झाल्यावर ते उघडलं. भिंगरी समोर होती. म्हणाली, "आईचं अक्षर." मी म्हटलं, तूच वाच, मला जोडाक्षरं जमत नाहीत. खरं म्हणजे तुझं अक्षर मला नीट वाचता येतं.

तिने वाचलं. "आई, दुसरी मुलगी झाली. बाबांना सांगू नकोस हवं तर. तिचं डोकं फार लहान आहे, बाजारातल्या सगळ्या टोप्या डोळ्यांवर येतात. दोरा पाठवतेय. एक टोपी शिवून पाठव."

आणि पाकीट उलटं केल्यावर दोरा पडला. निळा. एका टोकाला गाठ. तुला मीच शिकवलं होतं, सुरुवात कुठली ते कळायला एका टोकाला गाठ मारायची.

मी टेप लावली. साडेतेरा इंच.

तू अकरा महिने वाट पाहिली असशील. पोस्टमन दिसला की आत जाऊन हात पुसत आली असशील. मी इथे बेकरीवाल्यांच्या टोप्या शिवत होते.

आई


१६ मार्च, शनिवार

बाळे,

उद्या जावईबापू येतील तेव्हा हे पत्र त्यांच्याच हाती देईन. पिशवीत भिंगरीचे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. इस्त्रीवालीने एकेक मोजा इस्त्री केलाय. म्हटलं, मोज्याला कोण इस्त्री करतं? म्हणाली, "जे परत इथे येणार नाहीत त्यांना करते." मग स्वतःचंच बोलणं ऐकून जीभ चावली आणि माझ्यावरच ओरडली, "तू रडायला लावतेस म्हणून तोंडातून वेडंवाकडं निघतं!"

भिंगरीसाठी टोपी शिवली आहे, लाल, दोन पदरी अस्तर. उजव्या कानाच्या वर आतून कापसाची गादी घातलीय, बाहेरून कळत नाही. शाळेत घालू दे.

दुसरी टोपी तिच्या आत ठेवली आहे. साडेतेरा इंचांची. पांढरं मलमल घेतलं, ते तान्ह्या बाळाला टोचत नाही. हाताने शिवली, मशीनवर नाही, मशीनची शिवण आतून कडक लागते. काही उपयोग नाही, हे मला कळतं. माझं डोकं ठिकाणावर आहे. पण तू मागितली होतीस आणि मी दिली नव्हती. मागितलेलं काम दुकानात पडून राहू नये, असं तुझे बाबाच म्हणायचे. तुला नको असेल तर परत पाठव, टाकून मात्र देऊ नकोस. दोरा मी ठेवून घेतलाय. तो तू मला पाठवला होतास.

शिवत होते तेव्हा भिंगरी जवळ बसून होती. तिने मला छोटीबद्दल सांगितलं, न विचारता. तिला चमच्याचा आवाज आवडायचा. भिंगरीने बोट दिलं की सोडायची नाही. एकदा पंख्याकडे बघून इतकी हसली की उचकी लागली आणि तूही हसत बसलीस. मी काही विचारलं नाही. तुझी चौथी ओळ पाळली. पण बाळे, ज्यांची उत्तरं तू स्वतः देशील असे माझे पुष्कळ प्रश्न राहिलेत. अकरा महिन्यांत तिचं डोकं किती वाढलं होतं? नाव काय ठेवलं होतंत? भिंगरी म्हणते, "ते आईच सांगेल."

तू तिला परत पाठवशील की नाही, मला माहीत नाही. मी मागणार नाही. मागायचा हक्क मी त्या पोकळीत ठेवून दिला होता, सहा वर्षं.

आज सकाळी एक गंमत झाली, तेवढी सांगते. मी तिला उठवायला गेले, तर ती आधीच जागी. सवयीने तोंड उघडलं, नाव काय? ती म्हणाली, "थांब. आज मी विचारणार. तुझं डोकं ठीक आहे का ते बघू दे." मला गादीवर बसवलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, अगदी डॉक्टरीणबाईसारखं.

"नाव काय?"

सांगितलं.

"कुठे आहेस?"

"टोपीच्या दुकानात."

"तुझ्या मुलीच्या घरात कोण कोण?"

मी म्हटलं, "माझी लेक, जावई, तू. आणि छोटी."

तिने बोट खाली घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मागच्या बाजूने, जिथे ते चपटं असतं तिथून. म्हणाली, "बरोबर."

बाळे, कधी तू विचारलंस, तरी हेच सांगेन. उत्तर बदलणार नाही.

तुझी आई